उन्हात धरून पाहणारी बाई

काही माणसांना गवतातला साप आधी दिसतो, काहींना गर्दीतला ओळखीचा चेहरा. कामिनी भोयर यांना योगायोग दिसतात.

धरमपेठेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये त्या वीस-बावीस वर्षांपासून काम करतात. साडीवर जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर, परकर आणि फॉल असा या दुकानाचा संसार. बायका तिथे साडी घेऊन येतात. पुरुष आलेच तर बाईची पिशवी धरायला येतात. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले आहेत. लाल म्हणून जो एक रंग आपण शाळेत शिकलो, त्याचे चाळीसेक नातेवाईक तिथे नांदतात आणि एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

कामिनीबाई दुकानात रंग ठरवत नाहीत. साडीचा पदर आणि दोन-तीन तागे खांद्यावर टाकून त्या पायऱ्या उतरतात, फुटपाथवर जिथे ऊन असेल तिथे उभ्या राहतात, आणि कापडाला कापड लावून पाहतात. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता असं करणं हा वैद्यकीयदृष्ट्या चिंतेचा विषय आहे. पण ट्यूबलाइट खोटं बोलते, असं त्यांचं मत आहे. दुकानाचे मालक मनोहरराव यांचं मत वेगळं होतं. त्यांनी दुकानभर नवे दिवे लावले होते, आणि दिव्यांच्या खोक्यावर ‘दिवसासारखा प्रकाश’ असं छापलेलं होतं. खोक्यावर लिहिलेलं मनोहरराव खरं मानतात. दुकानदारामध्ये हा गुण दुर्मीळ आहे.

रंगाला रंग लावून पाहायची सवय दिवसभर हाताला असली की ती डोळ्यांतून सुट्टी घेत नसावी. एकदा एका दुपारी दोन अनोळखी बायका एकापाठोपाठ एक आल्या. एक लकडगंजची, दुसरी इथलीच. दोघींच्या पिशवीतून एकच साडी निघाली, चिंतामणी रंगाची, काठावर तीच नक्षी. कामिनीबाईंनी दोघींना उन्हात शेजारी शेजारी उभं केलं, पदराला पदर लावला आणि घरची चौकशी केली. निघालं असं, की दोघी एकाच घरच्या चुलत जावा. घर वाटलं गेल्यावर दोन्हीकडचं येणं-जाणं तुटलं, ते या दोघी लग्न होऊन येण्याच्या आधीच. दोन्ही साड्या एकाच म्हाताऱ्या आत्यानं कोणाला न सांगता धाडल्या होत्या. यानंतर समेट व्हावा अशी अपेक्षा असते. समेट झाला नाही. भर रस्त्यात घरच्या गोष्टी उकरल्या म्हणून दोघींनी मिळून कामिनीबाईंना झापलं. त्या दोन घरांनी कित्येक वर्षांत एकत्र केलेलं ते पहिलं काम होतं.

दुसऱ्या एका आठवड्यात पांढराबोडीच्या त्यांच्या घरापासून दुकानापर्यंत त्यांना लागोपाठ तीन दिवस तोच ऑटो मिळाला. त्यांनी हे ऑटोवाल्याला कौतुकानं सांगितलं. ऑटोवाला चौथ्या दिवशी दाढी करून आला. त्यांच्या यजमानांनी, ऋषिकेशनी, पाचव्या दिवसापासून त्यांना स्वतः गाडीवर सोडायला सुरुवात केली.

अशा गोष्टींतून कामिनीबाई काही निष्कर्ष काढत नसत. ग्रह, नक्षत्र, पूर्वजन्म यांच्याकडे त्या वळत नसत. ‘मेळ दिसला’ एवढंच म्हणत, जसं एखादा ‘पाऊस पडला’ म्हणतो. या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक म्हणून मी त्यांना एकदा संभाव्यतेचं गणित सांगितलं होतं. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट नागपूरएवढ्या शहरात रोज दोघातिघांच्या वाट्याला येणारच. त्यात नवल नाही, न आली तर नवल. त्यांनी तागा गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं.

“बरोबर असन, काकाजी,” त्या म्हणाल्या. “पन आजचे ते दोघंतिघं कोन हाय, हे कोनी पाहाव लागते का नाई?”

मी घरी जाऊन पुन्हा पुस्तकांत पाहिलं. तिथे दहा लाख माणसं असतात; त्यांतला कोणी साडी घेऊन येत नाही.

ऋषिकेश कूलरचं काम करत. उन्हाळा तोंडावर आला की घरोघर जाऊन टाकी घासायची, जाळीतलं लाकडी तंतूंचं वुडवूल बदलायचं, पंप पाहायचा. थोरला भाऊ कळमेश्वरकडे वावर कसतो. यांनी शहर धरलं. रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला होता आणि तो डोकं दुखण्यापलीकडे काही बोलत नव्हता. बोलला तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. चार तास मशीनला बांधून घ्यायचं, मग दोन दिवस जरा बरं, मग पुन्हा सूज, पुन्हा धाप. त्या दोन दुपारी कामिनीबाई दुकानात नसत.

किडनी द्यायला त्या पहिल्याच दिवशी तयार झाल्या होत्या. पण त्यांचं रक्त ए आणि ऋषिकेशचं बी. थोरल्या भावाचं रक्त जुळलं. त्याला मधुमेह निघाला. दुसरं जवळचं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी एक वाट सांगितली. अशीच अडलेली पण उलटी जोडी सापडली, म्हणजे नवरा ए आणि बायको बी, तर अदलाबदल होऊ शकते: यांच्या बायकोची किडनी त्यांना, त्यांच्या बायकोची यांना. कायदा त्याला परवानगी देतो. फक्त जोडी सापडायला हवी, आणि तीही फार उशीर न करता. ऋषिकेशचं हृदय मोठं होत चाललं होतं. हे वाक्य इतर प्रसंगी कौतुकाचं असतं. डॉक्टरांनी ते तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी कामिनीबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की वर्षभरात काही झालं नाही तर मग ऑपरेशनही झेपणार नाही.

त्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी पारशिवनीकडची एक बाई दुकानात आली. भाच्याच्या लग्नात नेसायची वांगी रंगाची साडी तिच्याजवळ होती. कामिनीबाई अर्थातच दवाखान्यात होत्या. गल्ल्यावरचे मनोहरराव उठले. बाहेर पंचेचाळीस तापमान होतं. मनोहररावांनी दिवसासारख्या प्रकाशात पाहिलं, तागा काढला, कापड कापलं आणि घडी करून दिलं. बाई गावी गेली, अंगणात साडी पसरली, त्यावर कापड ठेवलं, आणि ते वांगी नव्हतं, आमसुली होतं.

मंगळवारी आलेली बाई मंगळवारीच परत आली असती, किंवा शुक्रवारी. कारण नागपूरला तिचं येणं तेवढ्याच दोन दिवशी असे. पण पुढच्या आठवड्यात ती बुधवारी आली. मी तेव्हा आमच्या घरची साडी घेऊन बाकावर बसलो होतो, माझा नंबर यायचा होता.

बाईनं साडी आणि कापड काउंटरवर ठेवलं. मनोहररावांनी मान न वळवता मागच्या पाटीकडे बोट केलं. कापलेला माल परत घेतला जाणार नाही, असं त्या पाटीवर लिहिलेलं आहे. बाई म्हणाली, पाटी तिनं गेल्या वेळीच वाचली होती, पण त्या पाटीवर चुकीचा माल कापून देऊ असंही कुठे लिहिलेलं नाही. मनोहरराव यावर विचार करू लागले. तेवढ्यात कामिनीबाईंनी साडी आणि कापड दोन्ही उचललं आणि सवयीनं पायऱ्या उतरून उन्हात गेल्या. बाई त्यांच्यामागे गेली.

बाहेर शेजारच्या दुकानाच्या छपराखाली प्लास्टिकच्या स्टुलावर एक माणूस बसला होता. बाईचा नवरा. चाळिशीचा, चेहरा राखेसारखा, आणि त्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा. घाम पुसायला त्यानं डावी बाही कोपराच्या वर सरकवली. हातावर करंगळीएवढी जाड शीर वर आलेली होती आणि तिच्यावर कापसाचे दोन बोळे चिकटपट्टीनं बसवलेले.

कामिनीबाईंनी पदराला कापड लावलं होतं. ते तसंच राहिलं. डायलिसिसच्या सुयांसाठी डॉक्टरांनी तयार केलेली तशी शीर त्यांच्या घरी होती. तिच्यावर बोट ठेवलं तर आत चक्की फिरल्यासारखी घरघर लागते, हे त्यांना माहीत होतं. बाह्या लांब का, तेही. त्यांनी आजार विचारला नाही. एकदम पुढचंच विचारलं.

“कोनत्या वारी राह्यते जी तुमचं?”

माणसानं बाही खाली ओढली. मग, ही बाई आपल्यातलीच आहे हे कळून, सांगितलं की मंगळवार-शुक्रवार. या वेळी दवाखान्यातल्या मशीनचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं, म्हणून मंगळवारचं आज केलं.

“न घरून द्याले कोनी नाई?”

उत्तर बाईनं दिलं. “मी हावो नं बसेल तयार. नाई जुळत. माहं बी हाय, यायचं ए.”

कामिनीबाई फुटपाथवर बसल्या. वांगी रंगाची साडी मांडीवर आणि तिचा पदर रस्त्यावर. फरशी इतकी तापलेली होती की तिथे मांजरही थांबलं नसतं. बाई घाबरून पाणी मागवू लागली. मी पायरीवर आलो होतो, मनोहरराव माझ्यामागे.

“माहं ए हाय,” कामिनीबाई म्हणाल्या. “माह्या घरचं बी.”

मनोहररावांना वाटलं, पोरांचे मार्क सांगणं चाललं आहे. स्टुलावरच्या माणसाला कळायला थोडा वेळ लागला. त्यालाही त्याच्या डॉक्टरांनी तीच वाट सांगून ठेवलेली होती. कळल्यावर तो उठून उभा राहिला आणि काय करावं न सुचून त्यानं आपला स्टूल कामिनीबाईंपुढे केला. त्याचं नाव रुपराव, तिचं गोपिका.

या घटनेवर मी नंतर बराच विचार केला. दोन्ही बायका दर मंगळवारी आणि शुक्रवारी एकाच वेळी या शहरात दोन वेगळ्या दवाखान्यांच्या बाकांवर बसत होत्या. म्हणजे त्या भेटू नयेत याची चोख व्यवस्था झालेली होती. एक यंत्र बंद पडलं म्हणून वार बदलला. मनोहरराव उन्हाला भ्याले म्हणून कापड चुकलं. वांगी आणि आमसुली या दोन रंगांमध्ये एवढंच अंतर आहे, की ते खोलीत झाकलं जातं आणि अंगणात उघडं पडतं. थोडं कमी असतं तर बाई परत आली नसती, थोडं जास्त असतं तर तिनं ते घेतलंच नसतं. हे सगळं घडूनही एक माणूस फक्त घाम पुसून बसला असता आणि एक बाई फक्त रंग पाहून आत आली असती. गणितात या शेवटच्या पायरीसाठी चिन्ह नाही. मी कागदावर सूत्र मांडायला घेतलं होतं, ते तिथे सोडलं.

मनोहररावांनी मात्र सूत्र लगेच मांडलं. मी बरोबर कापड दिलं असतं तर काय झालं असतं, असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. हा युक्तिवाद आजवर कोणाला खोडता आलेला नाही. आमसुली कापड त्यांनी परत घेतलं, वांगी कापून दिलं, आणि पाटी तशीच ठेवली.

जोडी सापडली म्हणजे काम झालं असं नव्हतं. पहिली अडचण ऋषिकेश. बायकोची किडनी आपल्याला चालत नाही हे कळल्यावर मनातल्या मनात त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. तिला कापायचं नाही, एवढं तरी झालं. आता ती कापली जाणार, आणि तिचा अवयव जाणार पारशिवनीच्या कोण्या परक्या माणसाच्या पोटात. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की मले देत होती ते घरातल्या घरात होतं. कामिनीबाईंनी वाद घातला नाही. रविवारी त्यांना बसमध्ये बसवलं आणि पारशिवनीला नेलं.

तिथे दुसरी अडचण वाट पाहत होती. रुपरावची आई, सिंधूताई. सत्तरीची, काटक, नाकात चमकी. तिनं चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग सरळ विचारलं, की माझी सून माझ्या पोराला सोडून या माणसाला काहून देईल? तिला पुन्हा समजावलं. दवाखान्यातला कागद दाखवला. तिनं कागद उलटा धरून परत केला. तिला अदलाबदल कळली होती. तिची भीती वेगळी होती, आणि ती तिनं सगळ्यांच्या देखत बाहेर काढली.

“आधी आमच्या सुनेचं काढतीन. मंग तुमी म्हनान, आता आमाले नाई द्याचं. त मी काय करू, बाई? तुमच्या दाराशी बसू?”

गोपिका जमिनीकडे पाहू लागली. ऋषिकेश उठायच्या बेतात होते.

“माह्याही मनात तेच हाय, आत्याबाई,” कामिनीबाई म्हणाल्या. “तुमच्याबद्दल.”

सिंधूताई हसायला लागली. दात कमी असल्यामुळे ते हसू मोठं दिसलं. हे एवढं खरं बोलणारी माणसं निदान घेऊन पळणार नाहीत, असा तिचा हिशेब असावा. तिनं पदर सावरला, मांडी बदलली आणि विचारलं, की म्हणजे ही सावडच झाली ना?

सावड म्हणजे काय ते त्या घरात कोणाला सांगावं लागलं नाही. दोन शेतकरी, दोघांकडे एकेकच बैल. एका बैलानं नांगर ओढता येत नाही. मग याचा एक आणि त्याचा एक जुंपून जोडी करायची. दोघांचीही वावरं नांगरायची. त्यात लिहून घेणं नसतं, पण मोडली तर पुढची सावड मिळत नाही.

“पन एक हाय,” सिंधूताई म्हणाली. “सावडीत भांडन कुठी होते? आधी कोनाचं वावर, यावर होते. हे एकाच दिवशी झालं पायजे. एकाच टायमाले. आधी तुमचं न मंग आमचं, असं नाई चालनार.”

कामिनीबाईंनी सांगितलं, की डॉक्टरांचाही हाच नियम आहे. चार टेबलं, चार डॉक्टर, एकाच वेळी. सिंधूताईनं मान हलवली. डॉक्टरही शेतकऱ्याघरचा असावा, असं तिचं मत पडलं.

परतीच्या बसमध्ये ऋषिकेश बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. कन्हान मागे पडल्यावर म्हणाले, “आपल्यापेक्षा त्यायचाच बैल धडधाकट दिसते वं.” कामिनीबाई सीताबर्डी येईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण हो म्हणायची ती ऋषिकेशची पद्धत होती, हे त्यांना कळलं होतं.

मग तपासण्या. चौघांच्या, महिनोन्महिने. गोपिका आणि ऋषिकेश यांचं सगळं स्वच्छ जुळलं. कामिनीबाई आणि रुपराव यांच्यात अडलं. रुपरावला आधी दोनदा रक्त चढवलेलं होतं, आणि त्याच्या रक्तात परक्या अवयवावर धावून जाणारं काहीतरी तयार झालं असावं, अशी शंका आली. अजून एक बारीक तपासणी करायची होती. तिचा निकाल यायला आठवडा होता. ती फिसकटली तर रुपरावचं थांबणार, आणि रुपरावचं थांबलं की ऋषिकेशचंही. सावडीत एक बैल बसला की दुसरा उभा राहून काही उपयोग नसतो. दिवाळी होऊन गेलेली होती. डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातले थोडेच महिने उरले होते. ऋषिकेशना आता जिना चढवत नव्हता.

त्या आठवड्यात कामिनीबाई रोज कामावर आल्या. लग्नसराई होती, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. साड्या येत होत्या, त्या उन्हात जात होत्या, परत येत होत्या. मी विचारलं, आज काही मेळ दिसला का. त्यांनी मान हलवली.

“पाहूनच नाई राहिली मी, काकाजी,” त्या म्हणाल्या. “भेव लागते. उलटा दिसला त?”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी योगायोगाला अर्थ असू शकतो हे कबूल केलं, आणि तेही त्याच्याकडे पाठ फिरवून.

निकाल दुपारी फोनवर आला. धोका नाही, पुढे जायला हरकत नाही. फोन ठेवून कामिनीबाई काउंटरच्या खाली बसल्या, अस्तराच्या ताग्यांमध्ये, आणि काही वेळ वर आल्याच नाहीत. काउंटरपलीकडच्या बाईनं मोतिया रंग आहे का म्हणून दोनदा विचारलं. मनोहररावांनी तिची साडी घेतली आणि स्वतः, मुकाट्यानं, उन्हात नेली.

मग परवानगीसाठी समितीसमोर चौघांना बसवलं. तिथे प्रत्येकाला वेगळं विचारतात: कोणी दबाव आणला का, काही देवाणघेवाण झाली का, दोन्ही कुटुंबांची ओळख कशी. गोपिकेनं शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, की ब्लाउजपीस चुकीचं निघालं. समितीतल्या गृहस्थांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. कामिनीबाईंनीही तेच सांगितलं. रुपराव आणि ऋषिकेश यांनीही. चार माणसं ठरवून खोटं बोलणार असती तर यापेक्षा बरं काही बोलली असती, हे समितीला पटलं असावं. परवानगी मिळाली.

जानेवारीतल्या एका सकाळी चौघांना आत नेलं. बाहेर सिंधूताई, ऋषिकेशचा थोरला भाऊ, मी आणि मनोहरराव. मनोहररावांनी दुकान बंद ठेवलं होतं. थंडीचं कोवळं ऊन व्हरांड्यात आलं होतं आणि सिंधूताई त्याच्यामागे खुर्ची सरकवत सरकवत भिंतीपर्यंत पोहोचली. मध्ये तिनं मला विचारलं, की बाईच्या पोटातलं पुरुषाच्या पोटात बसतं कसं. बसतं, मी म्हणालो. कसं, ते मला नीट सांगता आलं नाही. वाचलेलं होतं, पण भिंतीपलीकडे ते होत असताना वाचलेलं पुढे येईना.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. चौघंही ठीक आहेत, म्हणाले. दोन्ही किडन्यांनी टेबलावरच काम सुरू केलं.

“काम म्हंजे?” सिंधूताईनं विचारलं.

“लघवी, आजी. जोडली आणि लगेच सुरू झाली.”

“दोघायलेही?”

“दोघांनाही.”

तिनं ते त्यांच्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं. कोणाच्या लघवीची बातमी इतक्या आदरानं ऐकली गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. थोरला भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कामिनीबाई आणि गोपिका एकाच खोलीत, शेजारच्या खाटांवर होत्या. दोघींना हसायची मनाई होती, टाके दुखतात म्हणून, आणि त्यामुळे हसू सारखं येत होतं. सिस्टर दोन्ही पुरुषांकडून जाऊन आली होती. गोपिकेनं उशीवरून मान वळवून विचारलं, “माही कशी हाय वं तुमच्याकडे?” नुकतीच सासरी गेलेल्या लेकीबद्दल विचारावं, तसं. कामिनीबाईंनी सांगितलं, की कामाले लागली बाई, बसून नाई राहिली. मग जरा थांबून आपलीची चौकशी केली. गोपिका म्हणाली, की तिलेही घर पसंत पडलं दिसते, रात्रभर वाहून राहिली. दोघींनी पोटावर हात धरले आणि डोळे मिटून घेतले. हसू थांबल्यावरही ते बराच वेळ मिटलेले होते.

पुरुषांच्या बाजूला आत जायला परवानगी नव्हती, काचेतून पाहायचं. सिंधूताई आधी रुपरावच्या काचेपाशी थांबली. त्याच्या चेहऱ्यावरची राख उतरलेली होती. त्यानं हात हलवला. तिनं त्याला डोळ्यांनीच, झोप, असं सांगितलं आणि पुढे चालू लागली.

पुढची काच ऋषिकेशची. ते झोपलेले होते. खाटेच्या कडेला खाली एक पारदर्शक पिशवी लटकत होती आणि तिच्या नळीतून थेंबामागे थेंब उतरत होता. फिकट, स्वच्छ, पिवळा. त्या रंगाला मॅचिंग सेंटरमध्ये नक्की काय म्हणतात ते मला माहीत नाही. पारशिवनीच्या एका बाईच्या देहातून काल सकाळी निघालेली वस्तू, पांढराबोडीच्या एका कूलरवाल्याच्या देहात, कोणी काही न शिकवता, तिचं रोजचं काम करत होती. मालक बदलला हे तिच्या गावीही नव्हतं. सिंधूताई काचेला नाक लावून त्या थेंबांकडे पाहत होती. तिच्या सुनेचंच ते होतं आणि तिच्या कोणाचंच नव्हतं.

तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. ऋषिकेशला नव्हे, नजर खाली, पिशवीकडे होती.

देवळात जोडलेले हात मी पुष्कळ पाहिले आहेत. लघवीच्या पिशवीपुढे जोडलेले हे पहिलेच. त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. माझ्या शेजारी मनोहरराव उभे होते. त्यांनी एकदा सिंधूताईकडे पाहिलं, एकदा काचेकडे, आणि पायांतल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या.